बोटाखालचा दिवा

सोलापुरातील आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळात गेल्या वर्षी मुलांनी एक बेत केला. प्रयोगशाळेच्या कपाटाला अंगठा टेकवून उघडणारे कुलूप बसवायचे. त्यासाठी हौशी लोक वापरतात तसे ठसे ओळखणारे दोन छोटे संवेदक आणले. एक होता काचेची चौकोनी खिडकी असलेला. काम करताना त्याच्या काचेतून प्रकाश बाहेर पडतो. दुसरा गोल, दहा रुपयांच्या नाण्याएवढा, आणि त्याच्या कडेने रंगीत प्रकाशाचे कडे. तारा जोडणे चालू असताना आठवीतील एका मुलीने विचारले, “सर, दिवा लागला नाही म्हणजे ठसा घेतला नाही, असंच ना?”

आम्ही ‘हो’ म्हणणार होतो. पण उत्तर देण्यापूर्वी करून पाहावे हा मंडळाचा नियम असल्यामुळे थांबलो. पुढच्या दोन महिन्यांत या एका प्रश्नाने आम्हाला दीडशे वर्षे मागे नेले आणि आमच्याच गावातील एका कुंपणाशी आणून सोडले. तो सगळा प्रवास शिक्षक मित्रांपुढे आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांपुढे ठेवावा असे वाटते.

शाईचा काळ

१८५८ च्या जुलै महिन्यात बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचे कंत्राट दिले. कंत्राटदाराचे नाव राज्यधर कोनाई. करारावर सही घेऊन हर्शेल थांबला नाही. कोनाईच्या तळहाताला शाई लावून त्याने कागदावर हाताचा पंजा उमटवून घेतला. उद्या ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणायचे धाडस त्याला होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. ठशांचे शास्त्र असे काही तेव्हा नव्हतेच. पुढे अनेक वर्षे ठसे जमवल्यावर हर्शेलच्या लक्षात आले की बोटांवरील रेघांची रचना वयानुसार बदलत नाही. १८७७ मध्ये हुगळीचा दंडाधिकारी असताना त्याने निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. १८८० मध्ये टोकियोत काम करणारे डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल असे सुचवले, आणि १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला.

आता खरी अडचण पुढे आली. हजारो माणसांच्या ठशांच्या कागदांतून हवा तो कागद शोधायचा कसा? नावाने शोधता येत नाही, कारण नाव खोटे असू शकते. ही अडचण सोडवली ती कलकत्त्यात, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी. हक यांचे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. आपल्याकडे आजी नातवंडांच्या बोटांवरची चक्रे मोजते ना, तीच चक्रे येथे कामी आली. उजव्या अंगठ्यापासून सुरुवात करून दहा बोटांना १ ते १० क्रमांक द्यायचे आणि दोन-दोनच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतील बोटावर चक्र असेल तर त्याची किंमत १६, दुसऱ्या जोडीत ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक एक हा अंश, आणि विषम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक एक हा छेद. दोन्हीकडे १ ते ३२ पैकी कोणतीही संख्या येऊ शकते, म्हणून ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ खण झाले. प्रत्येक कागद आपापल्या खणात जाऊन बसतो आणि शोध एका खणापुरता उरतो. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी याच पद्धतीवर सुरू झाली, आणि १९०१ मध्ये ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. जगभर ती ओळखली गेली मात्र वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने.

या साऱ्या काळात शाईचा एक गुण कायम होता. शाईने बोट काळे होते. ठसा घेतला गेला हे माणसाला कळल्याशिवाय राहत नाही. हात धुतला तरी नखाच्या कडेला काळी रेघ दिवसभर उरते. मुलीच्या प्रश्नाचे शाईपुरते उत्तर सरळ होते. बोट काळे झाले नाही, तर ठसा घेतलेला नाही.

सोलापूरचे कुंपण

पण केवळ कळणे पुरते का? याचे उत्तर शोधायला आम्हाला गावाबाहेर जावे लागले नाही. सोलापुरात रिक्षात बसून ‘सेटलमेंट’ म्हटले की चालक रस्ता विचारत नाही. हा शब्द आज पत्त्याचा भाग आहे. शंभर वर्षांपूर्वी तो कुंपणाचे नाव होता.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा उत्तर हिंदुस्थानात आणला. १९११ मध्ये नवा कायदा करून तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू होईल अशी सोय केली. त्यानंतर सोलापुरात उभी राहिलेली वसाहत या इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक होती. कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा अनेक जमातींची कुटुंबे काटेरी तारेच्या आत ठेवली गेली. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. बाहेर जायचे तर परवाना घ्यायचा. शहरातील कापडगिरण्यांना मजूर हवेच होते, तेव्हा वसाहतीतील माणसे गिरण्यांत राबली. सुधारणा करण्यासाठी हे चालले आहे असे अधिकारी मनापासून लिहीत असत.

या कायद्यात ठशांविषयीचे एक कलम होते. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे ‘कोणत्याही वेळी’ घेण्याचा हुकूम अधिकारी देऊ शकत होता. त्यासाठी गुन्हा घडलेला असणे आवश्यक नव्हते, संशयसुद्धा आवश्यक नव्हता. जमात पुरेशी होती. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली रद्द झाला आणि देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. म्हणूनच विमुक्त जमाती तो दिवस आजही पाळतात.

कुंपणातील माणसाला शाई दिसत होती. ठसा कधी घेतला, कोणी घेतला, कोणत्या बोटाचा घेतला, हे सारे त्याला ठाऊक होते. ठाऊक असून उपयोग नव्हता, कारण ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती. म्हणजे ठसा घेणाऱ्या कोणत्याही साधनाला आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. ते काम करते आहे हे मला कळते का? आणि ते केव्हा काम करील हे कोणाच्या हाती आहे? आमच्या टेबलावरील संवेदकाच्या भाषेत पहिला प्रश्न दिव्याचा आणि दुसरा विजेचा.

काचेवरचा प्रकाश

शाईची जागा प्रकाशाने कशी घेतली हे समजायला यंत्र लागत नाही. काचेचा साधा पेला पाण्याने भरा. बोटे किंचित ओली करून पेला हातात धरा आणि वरून, तिरकस नजरेने, पाण्यातून पेल्याच्या आतल्या बाजूकडे पाहा. बाजू आरशासारखी चंदेरी दिसेल आणि पलीकडची बोटे जवळजवळ दिसणार नाहीत. आता पेला घट्ट दाबा. चंदेरी पार्श्वभूमीवर बोटांच्या रेघा स्पष्ट उमटतील.

कारण असे. काचेतून हवेत जाणारा प्रकाश ठरावीक कोनापेक्षा अधिक तिरका असेल, तर तो बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. साध्या काचेसाठी हा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश आहे. रेघेचा कंगोरा काचेला चिकटतो तेथे मध्ये हवा उरत नाही. प्रकाश त्वचेत निघून जातो आणि ती जागा काळी दिसते. दोन कंगोऱ्यांमधील खाचेत हवा राहते, म्हणून ती जागा चकाकत राहते. १९६० आणि १९७० च्या दशकांत याच तत्त्वावर शाईविना ठसे घेणारी यंत्रे तयार होऊ लागली. काचेचा लोलक, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला भिंग आणि कॅमेरा. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तांबडा प्रकाश देणारा डायोड बनवल्यावर दिवा लहान झाला. १९९० च्या दशकात कॅमेऱ्याची चकती नखाएवढी आणि स्वस्त झाली. मग सारे यंत्र काडेपेटीत मावू लागले.

ज्या यंत्रांनी देशाचे ठसे घेतले त्यांची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी रंजना सोनवणे यांना पहिला आधार क्रमांक मिळाला. आज रास्तभाव दुकानातील काचेवर अंगठा ठेवणे सोलापुरातही नित्याचे झाले आहे.

येथे मंडळातील दुसरी एक मुलगी बोलली. तिची आई विड्या वळते. दुकानातील काचेवर आईचा अंगठा पुष्कळदा लागतच नाही. तीन-तीन वेळा पुसून ठेवावा लागतो, आणि मागच्या रांगेतील लोक चुळबुळ करतात. पेल्याचा प्रयोग केलेल्या मुलांना कारण सांगावे लागले नाही. वर्षानुवर्षांच्या कामाने कंगोरे झिजले, त्वचा कोरडी पडली, की ती काचेला नीट चिकटत नाही. मध्ये हवा राहते आणि प्रकाश परत येतो. दिवा लागलेला असतो, बाईही खरी असते, पण यंत्राला दिसते ती नुसती चकाकी. दोष बोटाचा नाही आणि बाईचा तर नाहीच. म्हणून अशा ठिकाणी डोळ्यातील बुबुळ किंवा मोबाइलवरील संकेतांक असा दुसरा मार्ग ठेवावाच लागतो. तो दुसरा मार्ग म्हणजे मेहेरबानी नव्हे. भौतिकशास्त्राने दाखवलेल्या मर्यादेचे ते उत्तर आहे.

दिवा सुटा होतो

काचेच्या संवेदकात दिवा खबर देण्यासाठी नसतो, तो काम करण्यासाठी असतो. अंधारात छायाचित्र निघत नाही, तसाच दिव्याविना ठसा निघत नाही. हौशी लोकांत दहा-बारा वर्षांपूर्वी लोकप्रिय झालेल्या जीटी-५११सी३ या संवेदकात हे फार स्वच्छ दिसते. वीज जोडली तरी त्याचा दिवा विझलेलाच असतो. आधी ‘दिवा लाव’ अशी आज्ञा पाठवायची, मगच ‘बोट आहे का’ आणि ‘ठसा घे’ या आज्ञांना अर्थ येतो. पहिली आज्ञा विसरली तर संवेदक ‘बोट नाही’ म्हणत राहतो, आणि नवशिक्याचा तास त्यातच जातो. आमचाही गेला. पण तो वाया गेला असे म्हणवत नाही, कारण मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथे मिळाले. या जातीच्या संवेदकात दिवा नाही, तर ठसा नाही. अट एकच, की तो दिवा डोळ्यांना दिसणारा असावा. काही यंत्रे अवरक्त प्रकाश वापरतात, तो आपल्याला दिसत नाही.

मग आम्ही गोल संवेदकाकडे वळलो. आर-५०३ या नावाने तो मिळतो. हा प्रकाशाने पाहत नाही. त्याच्या पृष्ठाखाली हजारो सूक्ष्म धारित्रांची जाळी असते. कंगोरा जवळ आला की धारिता वाढते, खाच असेल तेथे कमी राहते, आणि या फरकांतून ठशाचे चित्र बनते. त्याला प्रकाशाची काहीच गरज नाही. मग भोवतीचे कडे कशासाठी? केवळ माणसाला सांगण्यासाठी. त्याची आज्ञा वेगळी आहे. तांबडा, निळा की जांभळा रंग. स्थिर, लुकलुकणारा की श्वासासारखा मंद-तेज होणारा. किती वेगाने आणि किती वेळा, हे सारे आज्ञावली लिहिणारा ठरवतो.

मुलांनी आज्ञावलीतून दिव्याची ओळ काढून टाकली. अंगठा ठेवला. कुलूप काळोखात उघडले. मग उलट केले. दिव्याची ओळ ठेवली आणि ठशाची काढली. कडे निळे उजळले, सर्व काही घडल्यासारखे दिसले, आणि काहीच घडले नव्हते. वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही. शाई खोटे बोलू शकत नव्हती, काचेखालचा दिवाही बोलू शकत नव्हता. या कड्याला मात्र जे बोलायला लावावे ते बोलते. आणखी एक गोष्ट लक्षात आली. या संवेदकांतून ठशाचे पूर्ण चित्र तारेवाटे बाहेर काढण्याचीही आज्ञा असते. ते चित्र कोठे गेले हे तर कोणताच दिवा सांगत नाही.

वीज कोणाच्या हाती?

आता दुसरा प्रश्न. संवेदक सतत जागा ठेवायचा, की बोट आल्यावरच उठवायचा? मुलांनी तो आधी घटांच्या खर्चाचा प्रश्न म्हणून सोडवला. समजा, घटसंचाची क्षमता २,००० मिलीअँपिअर-तास आहे. काचेचा संवेदक सतत चालू ठेवला तर सुमारे ५० मिलीअँपिअर प्रवाह घेतो. २,००० भागिले ५० म्हणजे ४० तास. दोन दिवसही नाहीत.

गोल संवेदकाला विजेच्या दोन वाटा आहेत. एक मुख्य, दुसरी केवळ स्पर्श ओळखण्यापुरती, जी सुमारे २ मायक्रोअँपिअरवर भागते. मुख्य वीज तोडून ठेवायची. बोट टेकले की स्पर्शाची तार सूक्ष्मनियंत्रकाला जागे करते, तो मुख्य वीज जोडतो, ठसा घेतो आणि पुन्हा तोडतो. दिवसाला ६० वेळा, दर वेळी २ सेकंद आणि २० मिलीअँपिअर धरले, तर रोजचा खर्च २,४०० मिलीअँपिअर-सेकंद, म्हणजे सुमारे ०.६७ मिलीअँपिअर-तास. पहारा देणाऱ्या वाटेचा दिवसभराचा खर्च ०.०५ च्या आसपास. कागदावर घट सात वर्षे पुरतो. प्रत्यक्षात घट आपोआप उतरतो आणि सूक्ष्मनियंत्रकही वीज खातो, म्हणून इतका पुरणार नाही. पण दोन दिवस आणि कित्येक महिने हा फरक खराच आहे.

हे करताना दोन खाचखळगे लागतात ते सांगून ठेवतो. पहिला, वीज जोडल्यावर संवेदक लगेच उत्तर देत नाही. पहिली आज्ञा पाठवण्यापूर्वी अर्धा सेकंद थांबावे. दुसरा अधिक फसवा आहे. मुख्य वीज तोडली तरी संदेशाची तार सूक्ष्मनियंत्रकाने उच्च दाबावर ठेवली असेल, तर त्या तारेतून चोरवाटेने थोडी वीज संवेदकात शिरते. तो ना जागा, ना झोपलेला, अशा अवस्थेत राहतो आणि दिवा मंद धुगधुगतो. म्हणून वीज तोडण्यापूर्वी संदेशाची तार शून्यावर आणावी, आणि वीज तोडायची ती धन बाजूने, पी-चॅनेल मॉस्फेट वापरून. ऋण बाजू तोडली तर ही चोरवाट हमखास उघडते.

बोटांनी नोंदवलेले ठसे मात्र वीज गेल्याने पुसले जात नाहीत. ते कायमच्या स्मृतीत असतात. पुसायचे तर वेगळी आज्ञा द्यावी लागते. शाळा सोडून जाणाऱ्या मुलाचा ठसा पुसणे ही आठवणीने करायची गोष्ट आहे.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

शेवटी मुलांनी केले ते असे. मॉस्फेटनंतर संवेदकाकडे जी मुख्य विजेची तार जाते, तिच्यावरच ३३० ओहमचा रोध लावून एक तांबडा दिवा बसवला. तो ४ मिलीअँपिअर घेतो, तेही दोन सेकंदांपुरते. या दिव्याला आज्ञावलीत जागाच नाही. संवेदकाला वीज मिळाली की तो लागणारच, आणि वीज नसेल तर ठसा घेता येणारच नाही. कड्याचे रंग कोणी कसेही बदलोत, हा दिवा आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातचा नाही. सुरुवातीच्या प्रश्नाला आता ‘हो’ म्हणता येते. ते उत्तर आपोआप खरे नव्हते. तार योग्य जागी जोडून ते खरे करावे लागले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तारेने भागले नाही. मुलांनी कपाटाची जुनी किल्लीही ठेवली. ज्याचा अंगठा लागत नाही त्याच्यासाठी, आणि ज्याला तो द्यायचा नाही त्याच्यासाठीही. कारण विचारायचे नाही, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तो मुलांना नागरिकशास्त्राच्या तासाला सांगितला होता. पण किल्ली ठेवायचे सुचले ते विड्या वळणाऱ्या आईच्या मुलीला.

मंडळातील तीन मुले ‘सेटलमेंट’ भागातून येतात. कुलूप पुरे झाल्यावर त्यांतील एकाने घरी जाऊन पणजोबांविषयी विचारले. त्यांच्याही बोटांना शाई लागली होती, एवढे घरात ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्याने ते वर्गात सांगितले, आणि मग आपला अंगठा स्वतःहून काचेवर ठेवून नोंदवला. तांबडा दिवा दोन सेकंद लागला आणि विझला.